हलक्या पायांचा हिवाळा

शनिवार, ११ जानेवारी २०२५, लेस्टर

आज स्टोनी कोव्हला ड्रायसूट, म्हणजे अंग कोरडं ठेवणारा, आत हवा असलेला सूट, घालून तिसरी बुडी मारली. ही ग्रॅनाइटची जुनी खाण, आता पाण्याने भरलेली. समुद्र लांब असल्यामुळे या भागातले बरेच डायव्हर सरावाला इथेच येतात. पाणी ६ अंश. मालवणला शिकले तेव्हा साधा वेटसूट पुरायचा, पायांचा विचार कधी करावाच लागला नाही.

सहा मीटरवर एका कपारीत डोकावायला वाकले आणि सूटमधली हवा सरकन पायांत गेली. पाय वर, डोकं खाली. हवा सोडायची झडप डाव्या दंडावर असते. ती आता हवेच्या खाली आली होती, म्हणून तिचा काही उपयोग नव्हता. टाचा बुटातून सुटल्या, उजवा फिन निसटायला लागला. शिकवलं होतं तसे गुडघे पोटाशी घेतले, कोलांटी घेऊन सरळ झाले, दंड उंच केला, तेव्हा कुठे हवा बाहेर पडली. गाडीपाशी पोचेपर्यंत हात थरथरत होते.

१० मीटरवरची लिटरभर हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दोन लिटर होते. एकूण दाब निम्म्यावर येतो ना! म्हणून पाय एकदा वर निघाले की ओढ वाढतच जाते, आणि ती उथळ पाण्यात सर्वांत जास्त.

रविवार, १२ जानेवारी

दादांना फोन केला. नात्याचे नाहीत, पण मला थंड पाण्यात उतरवलं ते त्यांनीच. विचारलं, "घोट्यांना बांधायची वजनं घेऊ का?"

"घे, पण सगळ्यात शेवटी. आधी सूट अंगात घालून बस आणि पायात मोकळी जागा किती आहे ते बघ. हवा जागा शोधत असते."

तसं केलं. घोट्यापाशी सुटाचं कापड चिमटीत धरलं तर मूठभर हातात आलं. बुटात टाच अंगठ्याएवढी वर उचलली जात होती. कालची गोष्ट इथेच सुरू झाली होती.

शनिवार, १८ जानेवारी

सुरुवात मोज्यांपासून. आत पातळ, घाम शोषून बाहेर टाकणारा मोजा. त्यावर जाड लोकरीचा. दोन जाड मोजे चढवून पाहिले, तर बूट करकचून बसला आणि दहा मिनिटांत बोटं बधिर झाली. ऊब लोकरीत अडकलेल्या हवेची असते. लोकर चेपली की ती हवा जाते, रक्तही नीट फिरत नाही. आता मोज्याची कसोटी ठरवली आहे: बुटाच्या आत पाचही बोटं हलली पाहिजेत आणि टाच उचलली जाता कामा नये.

माझ्या सुटाला शिवलेले बूट आहेत. दादांच्या सुटाला निओप्रीनचे मोजे जोडलेले आहेत. त्यावर ते नाडीचे वेगळे बूट घालतात. नाडी आवळली की घोट्याजवळ हवेला जागाच उरत नाही. पुढचा सूट घेईन तेव्हा तसाच घेईन.

शनिवार, २५ जानेवारी

दुकानात बूट आणि मोजे बरोबर नेले. त्यांच्याशिवाय फिन निवडणं म्हणजे पाय न मोजता चप्पल घेणं. माझे मालवणचे फिन या बुटावर चढतच नाहीत. जाड रबराचे, आखूड, जड फिन घेतले. ते पाण्यात बुडतात, म्हणजे पायांकडचा थोडा भार आपोआप मिळतो. पट्ट्यांऐवजी स्प्रिंग घेतल्या, कारण जाड हातमोज्यांत बक्कल सापडत नाही.

गेटर्सही घेतले. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत पोटरीभोवती गुंडाळायचे पट्टे. हे भार वाढवत नाहीत, हवेची जागा कमी करतात. दुकानातच उकिडवी बसून पाहिलं. पोटरी आवळली गेली नाही.

शनिवार, १ फेब्रुवारी

सहा मीटरच्या टप्प्यावर दोन बुड्या. पहिल्या बुडीला दादांची घोट्याची वजनं लावली, प्रत्येकी अर्धा किलो, आणि कमरेच्या पट्ट्यातलं तेवढंच शिसं काढलं. पाय खाली राहिले खरे, पण प्रत्येक वेळी पाय मारताना ते शिसं हलवावं लागत होतं. मांड्या भरून आल्या, सिलिंडरमधली हवाही लवकर संपली. दुसऱ्या बुडीला वजनं काढून शिसं परत कमरेला लावलं. फक्त जड फिन आणि गेटर्स. शरीर आडवं राहिलं. मुद्दाम डोकं थोडं खाली केलं; हवा पायांकडे सरकली, पण थोडीच, आणि मला सावरायला वेळ मिळाला.

सावरणं मात्र मलाच शिकावं लागेल. त्या कोलांटीचा सराव आज आठ वेळा केला.

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज स्टोनी कोव्हमधली स्टेनगार्थ पाहिली. २००० साली डायव्हरांसाठी मुद्दाम बुडवलेली ही टगबोट, साधारण २० मीटरवर. तळाला मऊ गाळ. एक आडदांड लाथ बसली की मागच्याला काही दिसत नाही. गुडघे वाकवून, बेडकासारखे पाय बाहेर फेकत तिच्या बाजूने गेले. मागे वळून पाहिलं. दादांच्या दिव्याचा झोत माझ्यापर्यंत स्वच्छ येत होता. गाळ जागेवरच होता.

घरी येऊन बुटांत हात घालून पाहिला. कोरडे. बोटं अजून गरम होती.