सोलापूरच्या उन्हात बॅटरीचे आकडे

पुण्याहून येताना टेंभुर्णी मागे पडली की खिडकीतून येणारी हवा भाजू लागते. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचा पारा सहज चाळिशी ओलांडतो. आम्ही सुटीत विजापूर वेशीजवळ मामूंकडे उतरतो, सकाळी सिद्धेश्वर तलावावर फेरी मारतो, दुपारी जाड भिंतींच्या खोलीत पडून राहतो. माणसांना सावली मिळते. गाडी मात्र दिवसभर अंगणात तापत असते.

थंडीत गाडी सुरू होत नाही, म्हणून थंडी बॅटरी मारते असे बहुतेकांना वाटते. खरे तर तिला आतून खाते ती उष्णता. पाणी उडते, प्लेटा गंजतात. तापमान दहा अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. दुखणे उन्हाळ्यात लागते, ते कळते थंडीत.

यंदा नानींना घेऊन गुलबर्ग्याला, ख्वाजा बंदे नवाज यांच्या दर्ग्याला जायचे ठरले होते. चार दिवस उभी असलेली मामूंची गाडी आदल्या सकाळी नुसती टकटक करू लागली. एका दुकानदाराने बॉनेट न उघडताच नवी बॅटरी घ्या म्हणून सांगितले. ऐंशीच्या घरातल्या नानींना भर उन्हात रस्त्यावर अडकवायचे नव्हते, आणि उगाच पाच-सहा हजारही घालवायचे नव्हते. मामूंनी ओळखीच्या म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावले.

त्यांनी मीटर लावला. ११.९. ‘‘मेली नाही हो, उपाशी आहे,’’ ते म्हणाले.

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. रात्रभर विश्रांती घेतलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी आणि १२ च्या खाली आली की जवळजवळ रिकामी. पण इंजिन नुकतेच बंद केले असेल तर हाच आकडा फसवा असतो. वरवरचा चार्ज चढलेला असतो, त्यामुळे दमलेली बॅटरीही १२.८ दाखवून खूश करते. म्हणून मोजायचे ते सकाळी, गाडीला हात लावण्याआधी.

मग जंपर केबलने गाडी सुरू केली. मीटर १४.२ वर गेला. एसी आणि हेडलाइट लावल्यावर १३.९. म्हणजे डायनामो ठीक. इंजिन चालू असताना १३ च्या आसपासच घुटमळला असता तर संशय डायनामोवर किंवा पट्ट्यावर, आणि १५ च्या वर गेला असता तर रेग्युलेटरवर. तेव्हा बॅटरी उकळते, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुतली. मग गाडी बंद करून, अर्धा तास थांबून, निगेटिव्ह तारेत मीटर जोडला. ०.३ अँपिअर! बंद गाडी ०.०५ पेक्षा जास्त खायला नको. मागच्या महिन्यात बसवलेला डॅशकॅमेरा रात्रंदिवस चालू होता. ०.३ दराने दिवसाला सुमारे ७, चार दिवसांत जवळपास २९ अँपिअर-तास; आणि बॅटरी ४५ ची. हिशेब जुळला. कॅमेऱ्याची तार चावीबरोबर चालू-बंद होईल अशी जोडली, डिस्टिल्ड वॉटर भरले, बॅटरी रात्रभर हळू चार्जरवर ठेवली. सकाळी उतरवून दोन तासांनी आकडा १२.६.

मामूंचे रोजचे जाणे विजापूर वेस ते सात रस्ता, तेही एसी लावून. एवढ्याशा फेरीत सेल्फने खाल्लेला करंटसुद्धा धड भरून निघत नाही. ‘‘आठवड्यातून एकदा तरी लांब फिरवा,’’ असे चाचांनी बजावले. बॅटरी चार वर्षांची झाली आहे, पुढचा उन्हाळा काढेलच असे नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले.

अक्कलकोट, वागदरी करत आम्ही निघालो. चार्जरच्या भोकात लावलेला छोटा मीटर सुरुवातीला १४.१ होता, आळंदच्या आधी १३.६ झाला. धाकट्याने घाबरून विचारले, तर मामू हसले: बॅटरी भरत आली आणि तापली की आजच्या गाड्या मुद्दाम दाब कमी करतात, नाहीतर पाणी उडते. नानींनी तेवढ्यात एसी वाढवायला सांगितला. आकडा जरा हलला, पुन्हा १३.६.