दात जुळले, पण ओळख पटेना!

कुलूप आणि चावी ही जोडी तुमच्या चांगली ओळखीची. कपाटाची चावी, सायकलची चावी, आजीच्या कमरेला लटकणारा चाव्यांचा जुडगा! या साऱ्यांचा नियम एकच. दात जुळले की कुलूप उघडलं. चावी चोराच्या हातात आहे की सावाच्या, हे कुलूप कधी विचारत नाही. विचारणार तरी कसं? बिचाऱ्याला ना डोळे, ना कान.

पण हल्लीची मोटार मात्र विचारते, बरं का! आणि उत्तर चुकलं तर जागची हलत नाही. हे मला कसं कळलं, ते सांगते.

काही वर्षांपूर्वी आम्ही सांगलीला एक जुनी, म्हणजे आधी दुसऱ्या कुणी वापरलेली, मोटार विकत घेतली. मालकांनी कागदपत्रं दिली, टायर दाखवले आणि हातावर एकच चावी ठेवली. "दुसरी हरवली हो कुठेतरी," म्हणाले. आम्ही खुशीत गाडी घरी आणली. हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, पेढे वाटले. आजी मात्र त्या चावीकडेच बघत होती.

"काय गं, घर विकत घेतलं की आपण आधी कुलूप बदलतो. मग गाडीचं का नाही? ती हरवलेली चावी कुणाला सापडली असली तर?"

आम्ही हसण्यावारी नेलं. पण रात्री गल्लीत कुत्रं भुंकलं की कुणी ना कुणी उठून खिडकीतून गाडीकडे डोकावायचंच. आठ दिवस असे गेले. शेवटी बाबा म्हणाले, "चला, निदान दुसरी चावी तरी करून घेऊ."

एस.टी. स्टँडच्या बाहेर एक चावीवाले काका बसतात. पाठीमागच्या फळीवर शेकडो कोऱ्या चाव्या टांगलेल्या. काकांनी आमची चावी मशीनच्या एका बाजूला बसवली, कोरी चावी दुसऱ्या बाजूला. एक बोथट टोक आमच्या चावीच्या दातांवरून फिरू लागलं आणि त्याच चालीने दुसरीकडचं चाक कोरी चावी कापत गेलं. मग कानशीचे दोन हात मारले, आणि झाली चावी तयार!

नव्या चावीने दार उघडलं. ती आत फिरलीसुद्धा. इंजिन घुर्र झालं... आणि दोन सेकंदांत गप्प! पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. समोर काचेआड चावीचं एक छोटंसं चित्र लुकलुकत होतं.

काका हसले. "ताई, दात जुळले, पण ओळख पटेना. या चावीच्या डोक्यात चिप नाही."

आता गंमत ऐका. चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी एक चिप असते. तिला बॅटरी लागत नाही. गाडीत चावी फिरवायच्या जागेभोवती तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून बदलती वीज गेली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि चिपच्या इवल्याशा वेटोळ्यात वीज उमटते. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली शोधलेलं तत्त्व ते हेच. मेट्रोचं कार्डही याच तत्त्वावर चालतं. वीज मिळाली की चिप जागी होते आणि गाडी तिला प्रश्न टाकते.

कसला प्रश्न? पूर्वी किल्ल्याच्या दरवाज्यावर पहारेकरी परवलीचा शब्द विचारत. पण तो शब्द एखाद्या चोरट्याने झुडपाआडून ऐकला तर? दुसऱ्या दिवशी तोच शब्द सांगून तो आत! म्हणून गाडी रोज नवा प्रश्न विचारते. तुम्ही आणि तुमची मैत्रीण हा खेळ खेळून बघा. दोघींचा गुप्त नियम ठरवा : सांगितलेल्या आकड्याची तिप्पट करायची, त्यात ७ मिळवायचे आणि शेवटचे दोन अंक सांगायचे. तुम्ही म्हणालात २५, तर ती म्हणेल ८२. चोरट्याने ऐकलं, पाठही केलं. पण पुढच्या वेळी तुम्ही विचारलंत ४१! उत्तर हवं ३०, आणि तो ओरडतोय "८२, ८२!" पकडला की नाही?

गाडीचं गणित याहून फार अवघड असतं. चावीला गाडीचं गुपित कळवायचं किंवा चावीची नोंद गाडीच्या यादीत करायची, याला म्हणतात प्रोग्रॅमिंग. आपण त्याला 'ओळख करून देणं' म्हणू.

काकांची मुलगी हे काम शिकलेली. संध्याकाळी ती चिप असलेली चावी आणि पाटीएवढं यंत्र घेऊन घरी आली. आल्या आल्या म्हणाली, "गाडीचं आर.सी. बुक आणि मालकाचं ओळखपत्र दाखवा."

बाबा जरा चिडलेच. "अहो, गाडी आमच्या दारात उभी आहे!"

"काका, चोराच्या दारातही गाडी उभी असते," ती शांतपणे म्हणाली. कागद नीट वाचल्यावरच तिने यंत्र पिशवीतून काढलं.

स्टिअरिंगच्या खाली एक खाच असते. तिथे वायर जोडून तिने गाडीची यादी उघडली. पडद्यावर अक्षरं उमटली. नोंदवलेल्या चाव्या : ३.

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. एक आमच्या हातात. एक 'हरवलेली'. मग तिसरी कुणाकडे?

"असं होतं कधी कधी," ती म्हणाली. "आधीच्या मालकाच्याही आधीचा कुणी मालक असेल. काळजी नको. आता सगळ्या पुसू आणि समोर आहेत त्याच पुन्हा नोंदवू." तिने आधी यादी कोरी केली, मग आमची जुनी चावी लावली, मग नवी. पडद्यावर आकडा आला २. दोन्ही चाव्यांनी इंजिन सुरू करून दाखवलं.

आजी पुढे झाली. "म्हणजे ती तिसरी आता मेली म्हणायची?"

"गाडी सुरू करायला मेली, आजी. पण दार अजून उघडेल. दाराच्या कुलपाला फक्त दातच कळतात. तेव्हा गाडीत पैसे, दागिने ठेवू नका."

त्या रात्री कुत्रं भुंकलं, पण खिडकीशी कुणी गेलं नाही. ती तिसरी चावी कुणाकडे होती, हे आम्हाला आजही ठाऊक नाही. आता ठाऊक असायची गरजही नाही.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चिपने चोऱ्या खरंच कमी होतात? होतात तर! १९९८ पासून युरोपीय संघात नव्या मोटारींना अशी यंत्रणा सक्तीची झाली. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी पुढे हिशेब मांडला, तेव्हा या यंत्रणेमुळे मोटारचोऱ्या सरासरी ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. याउलट अमेरिकेत किया आणि ह्युंदाई यांच्या अनेक मोटारींत ही यंत्रणाच नव्हती. २०२१-२२ मध्ये तिथे त्या गाड्या धडाधड चोरीला गेल्या. शेवटी २०२३ मध्ये कंपन्यांनी त्यासाठी नवं सॉफ्टवेअर दिलं.

पण चिप म्हणजे जादूची कांडी नव्हे. २००५ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आर.एस.ए. प्रयोगशाळेच्या संशोधकांनी, लाखो चाव्यांत असलेल्या एका चिपचं गुपित शोधून दाखवलं. त्या गुपिताच्या शक्यता होत्या सुमारे १ लाख १० हजार कोटी! तरी त्यांच्या यंत्रांनी तासाभराच्या आत खरी शक्यता हुडकली. म्हणून नंतरच्या चिपमध्ये गुपित आणखी लांबलचक करावं लागलं.

आता खिशातूनच गाडीशी बोलणाऱ्या 'स्मार्ट' चाव्या आल्या आहेत. चोराचा एक साथीदार घराजवळ आणि दुसरा गाडीजवळ यंत्र घेऊन उभा राहिला, तर चावीचा आवाज लांबवर पोचवून गाडीला फसवता येतं. झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली दहा प्रकारच्या मोटारींवर हे करून दाखवलं. म्हणून अशी चावी दाराजवळच्या खुंटीला टांगू नये. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. डबा काम करतो का, हे आईबाबांबरोबर तपासा. चावी बंद डब्यात घालून गाडीपाशी न्या आणि दार उघडतं का बघा.

स्मार्ट चावीतली बॅटरी संपली तर घाबरू नका. बहुतेक गाड्यांच्या चावीत धातूची छोटी चावी लपवलेली असते. तिने दार उघडायचं. मग चावी सुरू करायच्या बटणाला किंवा गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी टेकवायची. आठवतं ना, चिपला बॅटरी लागत नाही!

ती बॅटरी बहुधा नाण्यासारखी असते. तिच्यावर 'सी.आर. २०३२' लिहिलं असेल तर ती २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. पण हे मात्र पक्कं लक्षात ठेवा : धाकट्या भावंडाने ती गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू शकते. जुनी असो वा नवी, लहानांच्या हाती लागू द्यायची नाही. गिळल्याची नुसती शंका आली तरी मोठ्यांना सांगायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा.

तर मित्रांनो, आज रात्री जेवताना घरात विचारा, "आपल्या गाडीच्या चाव्या किती? त्यातल्या आपल्याकडे किती?" गाडी चोरीला गेली तर विमा कंपन्याही सगळ्या चाव्या मागतात. दुसरी चावी सापडत नसेल, तर ती आजच शोधायला लावा. आणि नवी चावी करणाऱ्याने कागद मागितले, तर रागावू नका. त्याला मनापासून 'शाबास' म्हणा. तुमच्या गाडीची दुसरी चावी मागायला उद्या कुणी परका आला, तर त्याच्याकडेही तो असेच कागद मागेल.