बांध आणि तह

लहानपणी आज्याबरोबर दहिवलीहून बैलगाडीने खोपोलीला जायचो. नाना फडणवीसांनी बांधलेल्या तळ्यापाशी गाडी सोडायची, भाकरी खायची, अन् आजा बोरघाटाकडे बोट करून सांगायचा, "इंग्रज इथनंच वर गेला नि इथनंच परतला."

आज्याला सन ठाऊक नव्हते. ते मला पुढे पुस्तकांत सापडले. घाट चढून गेलेली मुंबईकर इंग्रजांची फौज जानेवारी १७७९ मध्ये तळेगावला अडली. तोफा तिथल्या तळ्यात टाकून मागे फिरली आणि वडगावला कोंडली गेली. साष्टीसकट घेतलेला मुलूख परत देऊ, असं तिने लिहून दिलं. आपल्याकडे हा किस्सा इथेच संपवतात. पण मान मुरगाळून घेतलेला तो कागद मुंबईने मानला नाही, कलकत्त्याच्या हेस्टिंग्जनेही नाही. दोन वर्षांत जनरल गॉडर्ड पुन्हा आमच्या खोपोलीत! परशुरामभाऊ पटवर्धनांनी खाली कोकणात त्याच्या रसदेवर हल्ले केले, नि एप्रिल १७८१ मध्ये तोही मार खात पनवेलला परतला. या ये-जात आमच्या खलाटीतल्या कुळांच्या भाताचं, पेंढ्याचं काय झालं असेल, ते कुठल्या बखरीत शोधायचं?

मग १७८२ चा सालबाईचा तह. महादजी शिंदे मध्ये पडले. वसई आपल्याला, साष्टी इंग्रजांना. त्यांनी राघोबादादांची बाजू सोडायची, आपण दादांना महिना पंचवीस हजार द्यायचे. वडगावला कागदावर मिळालेली साष्टी इथे सोडावी लागली, पण वीस वर्षं मराठे-इंग्रज लढले नाहीत. घाटात मार बसला नसता तर इंग्रज बोलायला बसला असता का? नसता, असं मलाही वाटतं. पण नुसत्या माराने वडगाव झालं, सालबाई नाही. पुढे महादजी गेले, १८०० मध्ये नाना गेले, आपसांत फाटलं, आणि १८०३ मध्ये पुन्हा लढाई जुंपली.

आमच्या घरातही एक बांध धुमसत होता. चुलत काकांशी बारा वर्षं कोर्टकज्जा चालला. वडील जिंकले, मोजणी झाली, दगड रोवले. पहिल्या पावसात दगड उपटलेले! पुन्हा काठ्या, पुन्हा पोलीस. शेवटी आत्या आली. तिने वडिलांना दोन हात जमीन सोडायला सांगितली अन् काकांना पाणी सोडायला.

वडील उसळले, "अगो, निकाल माझ्या बाजूनं हाय!"

"निकाल ऱ्हाव दे तुझ्या पेटीत, दादा. लावणी कधी करतोस ते सांग."

त्या वर्षी लावणी वेळेवर झाली. बांधावरच्या आंब्याचे आंबे अजून दोन्ही घरी जातात. वाटे कोणी करायचे, यावरून मात्र दर मे महिन्यात बोलाचाली होतेच.