उत्पन्नाचा दाखला फक्त आम्हालाच का?

कॉलेजात असताना आम्ही दर वर्षी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहिलो. सोबत बाप यायचा, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडायची. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये. एवढी कागदपत्रं जोडूनही "सरकारचं फुकटचं खाता" हे ऐकावं लागलंच.

आता दुसरी सवलत बघा. इलेक्ट्रिक कार ५० लाखांची असली तरी जीएसटी ५ टक्केच. दाखला कोणी मागत नाही. आमचा पोरगा डिलिव्हरीच्या कामासाठी साधी पेट्रोलची मोटरसायकल घेतो, त्याला १८ टक्के. मार्च २०२५ मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला गेला. त्याच महिन्यात तो मागे घेत असल्याची घोषणाही झाली. आमच्या निवेदनांना इतक्या लवकर उत्तर कधी मिळालं?

अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे. बसलाही माफ आहे, ते योग्यच. पण त्या पुलावर दुचाकी आणि रिक्षाला प्रवेशच नाही. म्हणजे जिथे आमची गाडी जाऊच शकत नाही, तिथे कारवाल्याला माफी!

काही मित्र म्हणतात, धूर कमी झाला तर फायदा सगळ्यांचाच. खरं आहे. नाक्यावरचा मजूर, हातगाडीवाला, रस्ता झाडणारी आमची माय हेच तर दिवसभर तो धूर गिळतात. म्हणून आमचा विरोध इलेक्ट्रिक गाडीला नाही. प्रश्न एवढाच, की सरकारी पैसा कोणाच्या खिशात जातो?

केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी कारला अनुदान दिलं नाही, ते दुचाकी, तीनचाकी आणि बससाठी ठेवलं गेलं. ही दिशा बरोबर आहे. पण आमच्या वस्तीतल्या एका भावाने इलेक्ट्रिक रिक्षासाठी कर्ज मागितलं, तर झोपडपट्टीचा पत्ता बघूनच त्याला परत पाठवलं. कर्ज मिळालं असतं तरी दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्याने रिक्षा चार्ज करायची कुठे? कर्ज आणि चार्जिंगची सोय नसेल, तर अनुदान कागदावरच राहतं.

बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावलं होतं, की राजकारणात समता आली तरी सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहणार आहे आणि ती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीच धोक्यात येईल. श्रीमंताला न विचारता सूट आणि गरिबाला दाखल्यावर दाखले, ही तीच विषमता.

म्हणून आमची मागणी साधी आहे. महागड्या गाड्यांची करमाफी बंद करा. तो पैसा वस्तीतल्या सामायिक चार्जिंगला, एसटी आणि पालिकेच्या इलेक्ट्रिक बसना द्या. महात्मा फुले महामंडळामार्फत इलेक्ट्रिक रिक्षासाठी कमी व्याजाचं कर्ज द्या. आणि दाखला मागायचाच असेल, तर आधी कारवाल्याकडे मागा!

जयभीम!