राम, रमा आणि रम

मजकुरातला कचरा काढणं म्हणजे आम्हा संगणकवाल्यांचं झाडूपोछा. टिंबं, स्वल्पविराम, आगाऊ मोकळ्या जागा... पायथनमध्ये एका ओळीत काम होतं. ‘जे अक्षर नाही, आकडा नाही, ते काढ’ एवढंच सांगायचं.

इंग्रजीत हे बहुतेकदा खपून जातं. पण हाच झाडू आमच्या नांदेडवर फिरवा, ‘नदड’ उरतं. लातूरचं ‘लतर’! कारण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांना युनिकोडने अक्षरांपासून वेगळ्या खणात ठेवलंय, आणि पायथनचं नेहमीचं ‘री’ मॉड्यूल त्यांना अक्षर मानत नाही.

हसू येतं खरं. पण एखाद्या लाभार्थी यादीत राम आणि रमा दोघांचंही ‘रम’ झालं, की दुबार नावं गाळणारा पुढचा प्रोग्राम त्यातलं एक खोडणार.

बरं, देवनागरीचा पट्टा (०९०० ते ०९७एफ) तेवढा राखला तर? मात्रा वाचतात. पण काहीजण ‘दऱ्या’ टंकताना र चा पाय मोडून पुढे न दिसणारा जोडक टाकतात. तो या पट्ट्याबाहेरचा. तो गेला की डोंगरातल्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो.

म्हणून मी तरी काय काढायचं ते एकेक चिन्ह नाव घेऊन सांगतो. दोन ओळी वाढतात. वाढू देत की!