एक आकडा कमी

बँकेत बावीस वर्षे नोकरी केल्यावर माणसाला दुसरे काही येवो न येवो, संध्याकाळी आकडा जुळवता येतो. आणि आकडा जुळवता येणाऱ्याला हळूहळू वाटू लागते, की आपल्याला जगातले काहीही जुळवता येईल. आमच्या अंगणातली गाडी मी खोलायला घेतली ती ह्याच भ्रमात.

गाडी म्हणजे अण्णांची १९६८ सालची स्टँडर्ड हेरल्ड. त्यांनी ती १९८३ साली जुनीच घेतली आणि २००४ पासून ती साताऱ्याच्या घरी शेवग्याखाली उभी आहे. ‘उभी’ हे आपले म्हणायचे. चारही टायर केव्हाच बसलेत.

आई गेल्यापासून अण्णांचे बोलणे ‘हं’ आणि ‘नको’ ह्या दोन शब्दांवर आले होते. भंगारवाल्याने गाडीचा भाव किलोवर सांगितला, तेव्हाही ते ‘हं’ म्हणाले. ते होकाराचे की नकाराचे, हे कोणालाच कळेना. त्या गोंधळात मी बोलून गेलो, “गाडी विकायची नाही. मी ती खोलून, साफ करून पुन्हा जोडणार आहे.”

“अहो, तुम्हाला मिक्सरचं झाकण बसवता येत नाही!” सौ. म्हणाली.

चिरंजीव मात्र माझ्या बाजूला आले, कारण ही गाडी स्पोर्ट्स कारची सख्खी बहीण असल्याचा शोध त्यांना लागला होता. शोध खरा होता. मूळची ट्रायम्फ हेरल्ड १९५९ सालची, इंग्लंडची. आपल्याकडे ती मद्रासला तयार होई. तिचे रूप मिकेलोत्ती नावाच्या इटालियनाने रेखले आणि तिचीच चासी आखूड करून, त्याच्याच हातची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी गाडी १९६२ साली निघाली. एक बहीण सिनेमात गेली आणि दुसरी संसारात पडली, एवढाच काय तो फरक.

मी बी. कॉम. असल्यामुळे कामाची सुरुवात रजिस्टरपासून झाली. निघेल त्या वस्तूची नोंद: तारीख, नाव, नग, डबा क्रमांक. डब्यांची अडचण नव्हती. आमच्या घरी श्रीखंडाचा एकही डबा आजवर फेकलेला नाही. पहिल्या रविवारी रेडिएटरमधून चहाच्या रंगाचे पाणी निघाले. दुसऱ्या रविवारी बॉनेट. ह्या गाडीचे बॉनेट म्हणजे नुसते झाकण नव्हे. मडगार्डांसकट सगळा पुढचा भाग मगरीच्या जबड्यासारखा उघडतो. तो उतरवायला शेजारचे दोघे आले, आणि चहा पिऊन, ‘आता हे पुन्हा कसं बसायचं?’ असा सवाल टाकून गेले.

तिसऱ्या रविवारी मी नव्याकोऱ्या पान्यांचा संच घेऊन सायलेन्सरच्या बोल्टाला भिडलो. बारा नंबरचा पाना बसेना, तेराचा बसला. जोर लावला. पाना फिरला, बोल्ट नाही. आणखी जोर लावला, तेव्हा बोल्टाचे कोपरे लाडवासारखे गोल व्हायला लागले.

“हाफ इंची घे.”

मी गाडीखाली होतो, त्यामुळे आवाज कोणाचा हे आधी कळेना. आवाज ओसरीवरून आला होता.

“इंग्लिश गाडी आहे ती. तिचे बोल्ट इंचाच्या मापाचे. तेराचा पाना तिला सैल पडतो.”

वर्षभरात अण्णा सलग एवढे बोलले नव्हते. ते उठले, खाटेखालून एक जुन्या धोतरात गुंडाळलेले बोचके ओढून त्यांनी माझ्यासमोर ठेवले. आत सगळे इंची पाने, तेल लावून पुसलेले. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. फरक अवघा तीन दशांशाचा! पण तीन पैशांच्या फरकासाठी बँकेत रात्री साडेआठपर्यंत बसलेल्या माणसाने तीन दशांशाला हसू नये.

चौथ्या रविवारी अण्णांची खुर्ची शेवग्याखाली आली. मग कामाचा वेग निम्मा झाला, कारण प्रत्येक बोल्टाला इतिहास होता. हा खंबाटकी घाटात पडला होता. हा वाईच्या मिस्त्रीने चुकीचा लावला होता. “गाडी जेमतेम पंचवीस फुटांत वळायची! आपल्या बोळात मागे-पुढे करावं लागलं नाही कधी,” हे त्यांनी तीनदा सांगितले. मी तिन्ही वेळा पाना खाली ठेवून ऐकले.

मग पुढची डावी सीट काढली. खाली गंज, एक दहा पैशांचे नाणे आणि केसांचा एक आकडा. मी रीतीप्रमाणे रजिस्टर उघडले: ‘नाणे, नग १. आकडा, नग १. डबा क्र. २७.’

अण्णा उठून डब्याशी आले. “तुझी आई खिडकी उघडी ठेवायची,” ते म्हणाले. “घरी पोचेपर्यंत निम्मे केस सुटलेले असायचे.” आणि खुर्चीवर जाऊन बसले.

आज गाडी श्रीखंडाच्या ४३ डब्यांत आहे. चासीला दोन जागी भोके निघाली. वेल्डिंगवाला दिवाळीनंतर येतो म्हणालाय, कोणत्या ते नाही. सौ.ने मला दोन वर्षांची मुदत दिली आहे.

परवा मी सगळे डबे रजिस्टरशी ताडून पाहिले. बोल्ट, नट, वॉशर, सगळे बिनचूक. फक्त डबा क्रमांक २७ मध्ये एक नग कमी. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात, चष्म्याच्या घराआड काय आहे, ते मला दिसत होते.

बँकेत न जुळणारी रक्कम सस्पेन्स खात्यावर टाकतात आणि पुढे शोधतात. मी ती नोंद तिथेच टाकली. शोधणार मात्र नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच मी आकडा न जुळवता रजिस्टर मिटले, आणि त्या रात्री मला झोपही छान लागली.