पेडल दाबून धरा

आमच्या जुन्या मारुती ८००च्या मागच्या डाव्या चाकातला व्हील सिलिंडर गळत होता. एका गॅरेजमधून तो बदलून घेतला. त्याच संध्याकाळी माउंट मेरीच्या चर्चवरून बँडस्टँडकडे उतरताना ब्रेकचं पेडल पायाखाली मऊ पडलं आणि थेट तळाला गेलं. पुन्हा मारलं तेव्हा अर्ध्यावर थांबलं, तिसऱ्यांदा कडक लागलं आणि गाडी थांबली. पण वांद्र्याच्या उतारावर, पुढे रिक्षा आणि बाजूला फिरायला आलेली माणसं असताना, तीनदा पाय मारायला सवड मिळेलच असं नाही. उरलेला उतार पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेकवर हात ठेवून काढला.

दुसऱ्या दिवशी गाडी हलवली नाही. खेरवाडीच्या एका मिस्त्रींनाच वांद्रे पूर्वेच्या आमच्या इमारतीखाली बोलावलं. त्यांची उमेदीची वर्षं पद्मिनी टॅक्सीच्या चारी ड्रमब्रेकवर गेलेली. ती काळी-पिवळी ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आता त्यांच्याकडे मुख्यतः रिक्षा येतात. रिक्षाच्या तिन्ही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक असतात, त्यामुळे हे काम त्यांना रोजचंच. पेडलवर हातानेच दोनदा दाब देऊन म्हणाले, “एअर आहे ताई. सिलिंडर नवा टाकला, एअर काढलीच नाही नीट.”

ब्रेक ऑइलच्या डबीत तेल काठोकाठ होतं, मग ब्रेक का लागू नये, असं मी विचारलं. ब्रेक ऑइल दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाचा जोर जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते. नळीत बुडबुडा असला की पायाचा जोर त्याला चेपण्यातच खर्ची पडतो आणि चाकाला काहीच मिळत नाही. भराभर पंप मारल्यावर पेडल कडक होतं ते तेवढ्यापुरतंच. मिस्त्रींनी आणखी दोन खुणा सांगितल्या. ड्रमचे लायनर सैल असले तरी दुसऱ्या दाबाला पेडल वर येतं, पण ते असं स्पंजासारखं लागत नाही. आणि पाय स्थिर ठेवूनही पेडल हळूहळू खाली सरकत असेल, तर पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरचे रबर गेले समजायचं.

त्यांचा पोरगा गावी गेला होता. “तुम्हीच बसा पेडलवर,” म्हणाले. मी बसण्यापूर्वी त्यांनी पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टन एरवी जात नाही तिथे गंज साचलेला असतो. पेडल तळापर्यंत रेटलं तर रबर त्या गंजावर घासून फाटतात, म्हणजे एअर काढायला जावं आणि मास्टर सिलिंडर बदलून यावं. इतकी वर्षं गाडी चालवूनही मला हे ठाऊक नव्हतं.

सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून केली. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडरही त्याच बाजूला, म्हणून ते चाक सगळ्यात लांब. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही गाड्यांत हा क्रम वेगळा असतो, तो कंपनीच्या पुस्तिकेत पाहावा. एबीएसच्या काही गाड्यांत तर स्कॅनर लावल्याशिवाय आतली एअर निघत नाही. नव्या सिलिंडरचा एअर काढायचा निपल लगेच सुटला. बाकीचे समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेले. त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून मिस्त्री बिडी ओढत बसले. घाईने पाना लावला की निपल मोडतो. पानाही रिंगचाच, कारण साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात.

निपलवर पारदर्शक नळी चढवली आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवलं. गाडीखालून आवाज आला, “मारा... मारा... आता दाबून धरा.” त्यांनी निपल सैल केला, पेडल माझ्या पायाखाली ठोकळ्यापर्यंत उतरलं आणि नळीतून बुडबुड्यांची रांग गेली. “सोडू नका!” निपल आवळला. “हां, सोडा.” सगळी मेख या क्रमात आहे. निपल बंद होण्याआधी पाय उचलला, तर काढलेली हवा तिथूनच परत आत ओढली जाते. मधूनमधून डबीत तेल घालत राहावं लागतं. डबी रिकामी झाली की वरूनही हवा शिरते आणि काम पहिल्यापासून.

बाहेर आलेलं तेल चहाच्या रंगाचं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि मुंबईच्या पावसाळ्यात ओलीला काय तोटा! कोरडं डॉट ३ निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तोच निकष १४० वर येतो. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. घाटात सतत ब्रेक दाबत उतरलं की हे तेल उकळतं, वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच आकसते. मग एकही नळी फुटलेली नसताना ब्रेक जातो. तेल कमी झालं की वरून भरायचं आणि विसरून जायचं, ही आपल्याकडची सवय म्हणूनच धोक्याची. तेल कमी होतं तेव्हा एकतर कुठेतरी गळत असतं, नाहीतर लायनर झिजलेले असतात. दोन्ही बघायला हवं.

नळीतून बुडबुडे थांबून स्वच्छ तेल येऊ लागलं, तसं पेडल वरच कडक लागायला लागलं. बंपरवर सांडलेलं तेल मिस्त्रींनी लगेच भरपूर पाण्याने धुतलं, कारण ते रंग खातं. उरलेला डबा त्यांनी माझ्याकडे दिला नाही. उघडलेल्या डब्यातलं तेल ओल धरतं, पुढच्या वेळी नवा सीलबंदच आणा, म्हणाले.

ब्रेकचं कुठलंही काम करून गाडी परत घेताना, गॅरेजच्या दारातच पेडल तीनदा दाबून पाहा. पहिल्या दाबाला ते जिथे थांबतं तिथेच तिसऱ्यालाही थांबलं पाहिजे. तसं होत नसेल तर पैसे देऊ नका आणि गाडी रस्त्यावर काढू नका.